मी न लिहिलेलं वाक्य

“बाई, सोन्याचं तिकीट काढा, नाहीतर इथंच उतरा.”

प्रकाशक कंपनीच्या सबनीसांच्या लॅपटॉपमधून मास्तरांचा आवाज आला आणि मी हातातला कप खाली ठेवला. आवाज मास्तरांचाच होता. ‘बाई’ म्हणताना शेवट जरा ओढायची ती सवय, वाक्य संपल्यावर नाकातनं सुटणारा तो श्वास, सगळं त्यांचं. फक्त वाक्य माझं नव्हतं. आमच्या गेममध्ये कंडक्टर म्हणून मास्तर अकराशे चाळीस वाक्यं बोलायचे. ती एकूण एक मी लिहिली होती आणि मला सगळी पाठ होती.

“हे कुठनं आलं?” मी विचारलं.

“अगदी त्यांचाच वाटतो की नाही?” सबनीस खूश होते. “तुमच्या गेममधला ऑडिओ मशीनला ऐकवला, बस. मशीन शिकतं आणि मग आपण लिहू ते बोलतं. मास्तरांना बिचाऱ्यांना आता इथवर यायचेही कष्ट नाहीत.”

“वाक्य कुणी लिहिलं?”

“आमच्या टीमने.”

“तुमच्या टीमला एसटीत बसून किती वर्षं झाली?”

“नागनाथ,” तेजस म्हणाला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. तेजस बारबोले आमच्या स्टुडिओचा मालक. पुण्यातली चांगली नोकरी सोडून बार्शीत आलेला. धान्याच्या मोंढ्यामागं, खताच्या दुकानावर तीन खोल्या घेऊन त्यानं स्टुडिओ काढला तेव्हा त्याच्या वडिलांनी चार महिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. प्रोग्रॅमिंग तो करायचा, चित्रं रुबिना मुलाणी काढायची आणि संवाद मी लिहायचो. दहावी नापास, रद्दीच्या दुकानात सहा वर्षं काढलेला, वजन करायच्या आधी प्रत्येक पुस्तक वाचणारा मी. मला लेखक म्हणणारा पहिला माणूस तेजस. म्हणून मी त्याचं ऐकायचो. त्या दिवशीपर्यंत तरी.

आमच्या मोबाइल गेमचं नाव होतं ‘मुक्कामी’. शेवटची गाडी, जी रात्री गावातच मुक्काम करते आणि सकाळी परत फिरते, त्या गाडीचा कंडक्टर म्हणजे खेळणारा. माणसं चढतात, बोलतात, रडगाणी गातात, भांडतात. तुम्ही त्यांना ज्याच्या त्याच्या ठिकाणी पोचवायचं. सगळ्यात शेवटी सुभद्रा चढते. सासर सोडून निघालेली, कमरेला गाठोडं, हातात पैसा नाही. तिला माहेरी नेऊन सोडलं की गेम संपतो. एवढंच. ना बंदुका, ना मारामारी. लोकांनी तो गेम डोक्यावर घेतला.

पण तो लोकांपर्यंत नेला प्रकाशक कंपनीनं. कंपनीचं नाव मी घेत नाही, जीभ विटाळते. आमच्याशी त्यांचा तीन वर्षांचा करार होता, तो त्या महिन्यात संपत होता, आणि पुढच्या पाच वर्षांचा करार घेऊन क्षितिज सबनीस पुण्याहून आले होते. गोड माणूस. आवाज चढवणार नाही, नाव घेताना पुढं ‘जी’ लावणार, आपलं बोलणं संपेपर्यंत मान हलवत बसणार. असली माणसं मला लबाडापेक्षा जास्त खुपतात.

रुबिनानं विचारलं, “म्हणजे सुभद्राला आता तिकीट लागणार?”

“सोन्याचं तिकीट. खरे पैसे देऊन घ्यायचं. रुबिनाजी, आम्ही आकडे बघितले. लोक शेवटच्या टप्प्याला येऊन रडतात. आणि जिथे माणूस रडतो, तिथेच तो खर्च करतो.”

हे वाक्य त्यांनी जेवणाच्या ताटात मीठ वाढावं इतक्या सहज म्हटलं.

“आणि खेळणाऱ्यानं पैसे दिले नाहीत तर?”

“तर ती उतरते. पण कुणाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही लगेच संधी देतो. एक जाहिरात बघितली की ती परत गाडीत.”

“साबणाची जाहिरात बघितली की बाई परत वर,” रुबिना म्हणाली. “बरंय. निदान स्वच्छ होऊन येईल.”

सबनीस हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांना फोन आला आणि ते गॅलरीत गेले.

दार लागल्या लागल्या मी तेजसकडं वळलो. “सही करायची नाही.”

“आवाज कमी कर.”

“ह्या माणसाला खाली सोडून ये. जिन्यापर्यंत मी येतो, पुढं तू ने.”

“नाग्या, अकलेनं बोल. ॲप स्टोअरवर आपला गेम आहे तो त्यांच्या खात्यावर आहे. आज करार सोडला तर महिनाभरात गेम गायब. लोक शोधतील, सापडणार नाही. नवा काढायला मला दोन वर्षं लागतील. तोवर खायचं काय? तुझं लग्न ठरलंय. रुबिनाच्या घरात ही एकटी कमावती. मी बापाला काय तोंड दाखवू? एक वाक्य आहे रे, एका वाक्यासाठी सगळं जाळायचं?”

“एक वाक्य नाही. त्यांना मास्तरांचा आवाज पाहिजे. पाच वर्षं त्या आवाजात ते काय वाट्टेल ते बोलतील. उद्या गुटख्याची जाहिरात करतील.”

“करारात लिहून घेऊ, गुटखा नाही म्हणून.”

“आणि बाईला उतरवायचं?”

  मास्तरांची अट आम्हा तिघांना ठाऊक होती.

मास्तर म्हणजे गहिनीनाथ वाघमोडे. बार्शी डेपोला एकतीस वर्षं कंडक्टर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. रिटायर झाल्यावर डेपोसमोरच्या पानटपरीवर बसलेले असायचे, तिथं त्यांचं बोलणं ऐकलं आणि मी त्यांना वर घेऊन आलो. आमची कामाची रीतच पडून गेली होती. आठवड्याभरात जे केलं ते मंगळवारी मास्तरांपुढं ठेवायचं. ते चुका काढायचे. “गाडी मागं घेताना कंडक्टर आत बसत नाही. खाली उतरून मागं उभा राहतो, शिट्टी मारतो. त्याला खाली उतरवा.” रुबिनानं ते सगळं चित्र परत काढलं होतं. “आठवड्याच्या बाजारादिवशी गाडीत कोंबडी पाहिजे. कोंबडीशिवाय गाडी म्हणजे खोटी गाडी.” कोंबडी आली.

आवाज द्यायला ते तयार झाले, तेव्हा एकच अट घातली. “त्या शेवटच्या बाईला गाडीतनं उतरवायचं नाही. खेळणाऱ्यानं काहीबी दाबू दे.” का, ते सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. तेजसनं मग गेममध्ये तिला उतरवायचं बटणच ठेवलं नाही. बाकी सगळ्यांना उतरवता यायचं, दारुड्याला, आमदाराच्या मेव्हण्याला. सुभद्राला नाही.

आणि तो मंगळवार होता.

जिन्यात चपला वाजल्या. सबनीस फोन संपवून आत आले, त्यांच्या मागोमाग मास्तर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन.

“पाव्हणे कोण?” मास्तरांनी विचारलं.

“मास्तर, मी तुमचा फॅन,” सबनीस उठून हात जोडत म्हणाले. “बसा ना. तुम्हाला गंमत दाखवतो.”

“आत्ता नको,” तेजस म्हणाला. पण सबनीसांनी बटण दाबलं होतं.

बाई, सोन्याचं तिकीट काढा, नाहीतर इथंच उतरा.

मास्तर उभेच होते. “परत लावा,” म्हणाले. परत लावलं. “परत.” तिसऱ्यांदा ऐकून ते खुर्चीवर बसले.

“हे मी इथं येऊन बोललेलो नाही,” ते म्हणाले.

“नाही नाही, ते मशीनने केलंय.”

“मशीनला कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे?”

“हे वाक्य माझं हाय. सोन्याचं तेवढं काढा. बाकी मीच म्हणलेलो. सत्त्याऐंशी साली, पांगरीच्या पुढच्या फाट्यावर.”



“नोकरी नवीन होती. गाडीत चेकर बसलेला. बाईकडं पैसे नव्हते. अंधार पडलेला. म्हणलं, बाई, तिकीट काढा, नाहीतर इथंच उतरा. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. गाठोडं घेतलं, उतरली. सकाळी परतीच्या गाडीनं आलो तर फाट्यावर कुणी नव्हतं. पुढं नोकरीभर त्या फाट्यावर गाडी आली की मी डाव्या खिडकीनं बघायचो. कुणी असणार नाही हे ठाऊक होतं. तरी बघायचो.” त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. “म्हणून म्हणलेलो, तिला उतरवू नका.”

सबनीसांचे डोळे चमकले. खरंच चमकले, मी शपथेवर सांगतो. “मास्तर, काय सुंदर गोष्ट आहे ही. तुमची हरकत नसेल तर प्रमोशनला वापरू या. खऱ्या कंडक्टरची खरी गोष्ट.”

मला त्याच्या अंगावर जायचं होतं. रुबिनानं माझ्या शर्टाची बाही धरली.

“माझा आवाज काढून टाका त्यातनं,” मास्तर म्हणाले.

सबनीसांनी मान हलवली, दुःखी चेहरा केला, आणि बॅगेतून एक फाइल काढली. “मास्तर, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तुम्ही स्टुडिओला परवानगी दिलेली आहे. आवाज, आवाजाची नक्कल, आवाजापासून तयार होणारं काहीही, कायमसाठी. आणि स्टुडिओला ती पुढे कुणालाही देता येते. नव्या करारात स्टुडिओ ती आम्हाला देतोय, इतकंच.”

तीन पानं होती. इंग्रजीत. खाली मास्तरांची मराठी सही, गोल, शाळेतल्यासारखी. तिच्याखाली साक्षीदाराची सही.

मास्तरांनी चष्मा लावला. वेळ लावून बघितलं. साक्षीदाराच्या सहीवर बोट ठेवलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

“सही माझीच हाय,” ते म्हणाले.

“ती परवानगी फाडता येते, मास्तर,” रुबिना म्हणाली. “तेजस, तू देऊ नको ना त्यांना.”

“थांब पोरी. सही केली म्हणजे केली. एकतीस वर्षं सही केलेला कागद मी नाकारला नाही. त्या बाईला उतरवलं ते पण मीच. आता कुणाकडं तक्रार करू?” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “द्या त्यांना काय द्यायचंय ते.”

तेजसपुढं नवा करार पडलेला होता. सबनीसांनी त्यावर आपलं पेन ठेवलं, टोपण काढून.

मी आजवर लिहिताना कुणाला भ्यालेलो नाही. बार्शीतल्या दोन नगरसेवकांवर मी नाव घेऊन लिहिलंय, एकानं माणसं पाठवली होती तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवलंय. त्या दिवशी मात्र मी भ्यालो, आणि तेही सबनीसांना नाही.

तीन वर्षांपूर्वी, आवाजाच्या रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी, तेजस पुण्यात होता. कंपनीनं सकाळी तो कागद पाठवला. तेजस फोनवर म्हणाला, “वाचून घे, मास्तरांना समजावून सांग, सही घे.” मी प्रिंट काढून आणली. मास्तर हेडफोन गळ्यात अडकवून बसले होते. म्हणाले, “नागनाथ, मला विंग्रजी येत नाही. तू वाच आणि सांग. तू सांगशील तसं.”

मी दहा मिनिटं तो कागद वाचला. एकेका ओळीखाली बोट नेलं. दोनदा पान मागं उलटून बघितलं, कपाळाला आठी घातली. मग म्हणालो, “वाचलं. नेहमीचंच हाय. करा सही.”

मला इंग्रजी येत नाही. पाट्या वाचता येतात, मोबाइलवरची बटणं कळतात, ‘व्हॉइस’ आणि तारीख ओळखता येते. दहावीला मी दोनदा इंग्रजीतच गेलो. स्टुडिओतल्या माझ्या कपाटात तीन जाड इंग्रजी कादंबऱ्या होत्या, रद्दीतनं आणलेल्या, मागच्या पानांना मुद्दाम घड्या घातलेल्या. आणि त्या साक्षीदाराच्या जागेवरची माझी सही इंग्रजीत होती, वळणदार. ती मी वहीभर गिरवून बसवली होती.

“मास्तर,” मी म्हणालो. “तो कागद मी वाचला नव्हता.”

“वाचलास की. माझ्यासमोर.”

“नुसता बघितला. मला इंग्रजी येत नाही.”

तेजसनं मान वर केली. “काय बोलायलास?”

“येत नाही म्हणतोय. कधीच येत नव्हतं. तू मेल पाठवतोस ते मी भाच्याकडनं वाचून घेतो.”

मास्तर माझ्याकडं बघत होते. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. हिशेब न लागणाऱ्या माणसासारखं तोंड झालं होतं.

“मग एवढा वेळ काय बघत होतास कागदात?”

मी परत त्या तीन पानांकडं बघितलं. 

“मला सांगायचं होतंस,” मास्तर म्हणाले. “मला येत नाही, तुला येत नाही. खालच्या दुकानातल्या पोराकडनं वाचून घेतलं असतं. त्यात काय होतं?”

“लाज वाटली.”

“कुणाची? माझी?”

सबनीसांनी घसा साफ केला. “हे बघा, कायद्याने सही ही सही असते. आणि नागनाथजी, लेखकालाच इंग्रजी येत नाही हे तुम्ही आम्हाला आधी कळवायला हवं होतं.”

तुमच्या कंपनीला मराठी येत नाही हे तुम्ही आम्हाला कळवलं होतंत का? मराठी गेम, मराठी कंडक्टर, मराठी बाई, आणि त्यांचा गळा कापायचा कागद तेवढा इंग्रजीत? तीन पानं मराठीत लिहायला तुमचा हात कुणी धरला होता? हे सगळं मला दोन दिवसांनी सुचलं, मोटरसायकलवर. त्या वेळी मी खाली मान घालून उभा होतो.

बोलला तो तेजस. “मास्तर, कायद्याचं राहू द्या. परवानगी मला दिलीय, त्यांना नाही. तुम्हाला न कळता सही झाली. आता कळलंय. तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी देत नाही.”

“तुझं दुकान बसंल,” मास्तर म्हणाले.

“ते माझं मी बघतो. तुम्ही हो का नाही, एवढंच सांगा.”

मास्तरांना फार वेळ लागला नाही. “नाही,” ते म्हणाले.

तेजसनं सबनीसांचं पेन उचललं, टोपण लावलं आणि त्यांच्या हातात दिलं.  मी ज्याला भित्रा समजत होतो त्यानं. सबनीस जाताना प्रत्येकाला नमस्कार करून गेले. खताच्या दुकानाच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला, तरी वर बघून हसले. शिकवलेलं असतं ते.

गेम एकवीस दिवसांत गेला. लोकांचे मेल येत राहिले, कुठं मिळेल म्हणून. स्टुडिओ दिवाळीपर्यंत ओढला, मग तेजसनं खोल्या सोडल्या. तो परत पुण्यात आहे. रुबिना शाळेत चित्रकला शिकवते. कंपनीनं पुढच्या वर्षी रिक्षावाल्याचा गेम काढला, त्यात शेवटी आजारी म्हातारी आहे आणि तिला दवाखान्यात न्यायला सोन्याचं मीटर लागतं. खूप चालतो म्हणे. त्या म्हातारीला रोज कितीजण रस्त्यात उतरवतात, त्याचे आकडे त्यांच्याकडं असतील.

करार सोडला त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती भीक परवडणारी नव्हती. कुणी विचारलं तर मी आजही हेच सांगतो, आणि ताठ मानेनं सांगतो. सांगताना साक्षीदाराच्या सहीची गोष्ट गाळतो. आज पहिल्यांदा लिहिली.

ह्याच नोव्हेंबरात बँकेत गेलो होतो. हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्यांची रांग लागलेली. मास्तर पुढं बाकावर बसले होते. डोळ्यांत फूल पडलंय, अक्षर लागत नाही, हातात फॉर्म. मी समोर गेलो, नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. घरचं विचारलं, पोरगं शाळेत जातं का विचारलं, लिहितोस का म्हणाले. चांगली पाच मिनिटं बोललो. फॉर्म मराठीत होता, मला उभ्या उभ्या वाचता येत होता.

“द्या, मी वाचतो,” मी म्हणालो.

“राहू दे,” मास्तर म्हणाले. सहज म्हणाले. आणि शेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेल्या एका अनोळखी पोरीकडं त्यांनी फॉर्म धरला. “बाय, एवढं वाचून दाखवतीस का?”

तिनं वाचायला सुरुवात केली. नाव, पत्ता, खाते क्रमांक. मग ‘उपरोक्त निवृत्तिवेतनधारकाने पुनर्नियुक्ती स्वीकारलेली नसल्याबाबतचे’ असलं काहीतरी आलं आणि ती अडकली. परत पहिल्यापासून वाचलं.

“आजोबा, ही ओळ मला काही कळली नाही,” ती म्हणाली. “थांबा, काउंटरवर विचारून येते.”

ती फॉर्म घेऊन गेली. मास्तर तिच्या पाठीकडं बघत राहिले.

“चांगली पोरगी हाय,” ते मला म्हणाले.